जलसंजीवनीला इतका उशीर का झाला?

जुलै लागला की गोंदिया जिल्ह्यात रोवणीची घाई सुरू होते. घरातली मोठी माणसे सकाळीच बांध्यांकडे निघतात, लहानग्यांना आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या स्वाधीन केले जाते. विहिरींत नवे पाणी उतरते, बोड्या आणि तलाव भरू लागतात. याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात आणि वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एखाद्या गावात ‘गॅस्ट्रोची लागण’ झाल्याची बातमी येते. ‘गॅस्ट्रो’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. त्याच्या पोटात पटकीपासून साध्या हगवणीपर्यंत बरेच काही येते; कारण कधी जिवाणू असतात, कधी विषाणू.

काही पावसाळ्यांपूर्वी या जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही विचारले होते, “तुमच्या वर्गातल्या मुलाला जुलाब सुरू झाले, तर घरचे लोक काय करतात?” उत्तर जवळजवळ एकमुखाने आले, “सलाईन लावून आणतात.” “आणि आशाताईंकडची पुडी?” थोडी कुजबुज झाली. मग मागच्या रांगेतल्या एक मॅडम उठून म्हणाल्या, “खरं सांगू का? पुडीनं जुलाब थांबत नाहीत. मग तिचा उपयोग काय?”

आम्हाला हा प्रश्न फार आवडला, कारण तो प्रामाणिक होता आणि त्यातले निरीक्षण अचूक होते. पुडीने, म्हणजे जलसंजीवनीने, जुलाब थांबत नाहीत हे खरेच आहे. ‘जे जुलाब थांबवत नाही ते औषध कसले?’ या प्रश्नापाशी भले भले डॉक्टर अडखळले होते. शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार परत दिले पाहिजेत हे १८३२ सालीच कळले होते. ते पेल्यातून, आईच्या हाताने देता येतात हे सिद्ध होऊन वापरात यायला १९७१ साल उजाडले. मधली सुमारे एकशे चाळीस वर्षे कशात गेली, ते आपण पाहू.

लीथची म्हातारी

पटकीची साथ १८१७ साली बंगालमधील जेसोरहून निघाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत व्यापारी आणि सैन्यांच्या वाटेने युरोपात पोचली. १८३१ च्या अखेरीस ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाचा अवघा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर साथीच्या ठिकाणी गेला आणि त्याने रोग्यांचे रक्त तपासले. रक्त डांबरासारखे दाट झाले होते. त्यातले पाणी, मीठ आणि अल्कली पुष्कळ कमी झाली होती आणि नेमके तेच पदार्थ रोग्याच्या पांढुरक्या जुलाबांत सापडत होते. रक्तातून गेले ते परत द्यावे, असे त्याने सुचवले.

स्कॉटलंडमधील लीथ येथील डॉक्टर थॉमस लाट्टा याने १८३२ साली हे करून पाहिले. पहिली रोगी एक म्हातारी होती. तिची आशा सगळ्यांनी सोडलेली होती. लाट्टाने तिच्या शिरेत मिठाचे पाणी थोडेथोडे करून सुमारे साडेतीन लिटर सोडले. बुडालेली नाडी वर आली, चेहऱ्यावर रंग आला, म्हातारी बोलू लागली. आता तिला विश्रांती हवी असे समजून लाट्टा तिला दुसऱ्या डॉक्टरवर सोपवून निघून गेला. जुलाब आणि ओकाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. पाणी पुन्हा दिले गेले नाही आणि साडेपाच तासांत ती दगावली.

या प्रसंगात आजच्या उपचाराचे अर्धे शास्त्र आहे. पाणी दिल्याने रोगी उठतो, पण जुलाब चालूच राहतात. म्हणून जितके जाते तितके देत राहावे लागते. लाट्टाला हे कळले होते, पण बहुतेकांनी त्यातून उलटाच अर्थ काढला. रोगी अखेर मरतोच, तर शिरेत पाणी सोडण्याचा खटाटोप कशाला? शिवाय त्या काळी सुया आणि पाणी निर्जंतुक करण्याची कल्पनाच नव्हती, त्यामुळे शिरेत सोडलेले पाणीही काहींच्या जिवावर बेतले. लाट्टा पुढच्याच वर्षी वारला आणि ही पद्धत मागे पडली. ओशॉनेसी १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि पुढे चक्क आपल्या देशात तारायंत्राच्या तारा टाकण्याचे काम त्याने केले. पटकीकडे मात्र त्याने फारसे वळून पाहिले नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशी हळहळ वाटावी अशी वळणे पुष्कळ आहेत.

इकडे आपल्याकडे पटकी वर्षानुवर्षे येतच राहिली. गावोगाव मरीआईचा गाडा शिवेपार नेला जाई आणि पलीकडच्या गावाच्या पोटात गोळा येई. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता (तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी). या प्रांताने १८९७ आणि १९०० चे दुष्काळ पाहिले. दुष्काळी कामांवर हजारो माणसे एकत्र येत, जे मिळेल ते पाणी पीत, आणि भुकेच्या जोडीला पटकी येई.

शिरेवाटे पाणी देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या लिओनार्ड रॉजर्स यांनी पुन्हा उभी केली. रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास होते, ते त्यांनी निम्म्यावर आणले. ‘सलाईन’ या शब्दाचा दबदबा तेव्हापासूनचा आहे आणि तो अनाठायी नाही. पण सलाईनला निर्जंतुक बाटली लागते, सुई लागते, शीर शोधणारा हात लागतो. रोवणीच्या दिवसांत, नाल्याला पूर आलेला असताना, आडगावात यातले काहीच नसते.

विश्रांती दिलेले आतडे

मग तोंडानेच का दिले नाही? कोणाच्याही मनात येईल असा हा प्रश्न आहे. कारण असे की, पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते असा समज रूढ होता. जुलाबांत दिसणारे तांदळाच्या धुवणासारखे पांढरे कण म्हणजे अस्तराचेच तुकडे, असे मानले जाई. ज्या आतड्याला अस्तरच उरले नाही ते पाणी शोषणार कसे? त्याला विश्रांती द्यावी, रोग्याला उपाशी ठेवावे, हा शिरस्ता झाला. लहान मुलांच्या जुलाबांनाही तोच नियम लावला गेला. मूल आधीच कोरडे पडलेले आणि त्यात उपास! या ‘विश्रांती’ने किती मुले गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

घराघरांतल्या आज्यांचे वागणे मात्र दुहेरी होते. काही जणी जुलाब लागलेल्या मुलाचे पाणीही तोडत, “पाणी दिलं की आणखी होते” म्हणत. काही जणी तांदळाची पेज मिठाचा खडा घालून देत. धान पिकवणाऱ्या मुलखात पेज कोणत्याही घरात होई. ही दुसरी आजी शास्त्राच्या पुष्कळ पुढे होती. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

सोललेल्या अस्तराची कल्पना खोटी ठरायला वेळ लागला. मृत्यूनंतर लगेच केलेल्या तपासण्यांत अस्तर शाबूत असल्याचे १९२३ मध्येच मनिला येथे दिसले होते. जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून १९६० मध्ये तेच पुन्हा दाखवले गेले. मग प्रश्न उरला तो असा : अस्तर धडधाकट असताना एवढे पाणी बाहेर येते कोठून?

दोन शहरांतले ससे

गोंदिया हे मुंबई–हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन आहे. गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर त्या मार्गाच्या दोन्ही टोकांना, एकाच वर्षी मिळाले.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू ओळखला, तो तेथल्या एका तलावाच्या पाण्यातही त्यांना सापडला. हा जिवाणू एखादे विष सोडत असावा असा त्यांचा तर्क होता. पण ते विष पुढची पंचाहत्तर वर्षे हाती लागले नाही, कारण सगळे ते रक्तात शोधत होते. प्राण्यांच्या शिरेत जंतू टोचायचे आणि काय होते ते पाहायचे, असा खाक्या होता. प्राणी मरत, पण त्यांना पटकी काही होत नसे.

मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी १९५५ मध्ये अगदी लहान, जेमतेम दहा दिवसांच्या सशांच्या पिलांत पटकी घडवून दाखवली. मोठ्या सशाला जे होत नसे ते पिलाला होई : पाण्यासारखे जुलाब आणि मृत्यू. कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी १९५३ पासून वेगळी वाट धरली होती. सशाच्या लहान आतड्याचा एक वेटोळा भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा, त्या बंद पिशवीत जंतू सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. जंतू पटकीचे असतील तर पिशवी पाण्याने टम्म फुगलेली असे. दोरा, ससा आणि निरीक्षण! उपकरणांच्या अभावाची तक्रार करणाऱ्या आम्हा संशोधकांना हा प्रयोग नेहमी आठवतो.

१९५९ साली दोघेही एकाच मुक्कामाला पोचले. डे यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला. त्यात एकही जिवाणू नव्हता, तरी पिशवी फुगली. त्याच वर्षी दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी हाफकिनमधून कळवले की, जंतूंपासून काढलेल्या विषानेही पिलांना पटकीसारखे जुलाब होतात. म्हणजे जिवाणू आतडे खात नाही, सोलत नाही. तो आतड्याच्या पोकळीत एक विष सोडतो आणि ते विष धडधाकट पेशींना पाणी ओकायला लावते. हेच तत्त्व पुढे लहान मुलांच्या जुलाबांना कारण होणाऱ्या ‘ई. कोलाय’ जिवाणूच्या काही जातींनाही लागू पडले. त्यांचे एक विष पटकीच्या विषाचे सख्खे भावंड शोभेल असे आहे.

डे यांना त्यांच्या हयातीत देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. पाठ्यपुस्तकांत कॉख यांचे नाव असते. डे, दत्ता, पानसे, कुलकर्णी यांचे नसते.

दोन दारे

आता मॅडमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ आलो. आतड्याच्या पेशीला पुष्कळ दारे असतात. आपल्याला त्यांतली दोनच पाहायची आहेत. एका दारातून क्लोराइड हा क्षार पेशीतून आतड्याच्या पोकळीत जातो, आणि क्षाराच्या मागोमाग पाणी जाते. निरोगी माणसात हे दार गरजेपुरते किलकिले होते. पटकीचे विष पेशीत शिरून असा काही बिघाड करते की, ते दार सताड उघडे राहते. ती पेशी झडून नवी येईपर्यंत ते मिटत नाही. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून एकूण एक लिटर गेले तरी ते मूल मरणाच्या दारात असते.

दुसरे दार आत येण्याचे. ते चमत्कारिक आहे. ग्लुकोज आणि सोडियम दोघे बरोबर आले तरच ते उघडते, एकट्यासाठी उघडत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथील एका परिषदेत ही कल्पना मांडली. आज आपल्याला माहीत आहे की, ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत येतात आणि त्यांच्यामागून पाणी येते. पटकीचे विष पहिले दार बिघडवते, पण या दुसऱ्या दाराला हातही लावत नाही.

साधे पाणी पाजले तर ते आतड्यातून वाहून जाते. नुसते मिठाचे पाणीही फारसे शोषले जात नाही. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली की दुसऱ्या दारातून पाणी आत येऊ लागते. पहिले दार उघडेच असते, म्हणून जुलाब चालूच राहतात. पण जाणाऱ्या पाण्याइतके पाणी आत आले की मूल तगते. विषाचा अंमल दोन-चार दिवसांत आपोआप ओसरतो. तेवढे दिवस मूल जिवंत राहिले पाहिजे, एवढेच पुडीचे काम. मॅडमच्या प्रश्नाचे शरीरशास्त्रातले उत्तर हे आहे.

हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी मात्र हे सारे कळण्याआधी, १९५३ मध्येच, कलकत्त्यात १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केले होते. जोडीला पानओव्याचा रसही होता. ‘लॅन्सेट’ने ते छापले, जगाने वाचले नाही. काय गेले आणि काय आले याची काटेकोर मोजदाद त्या लेखात नव्हती, हे एक कारण. पण ते तेवढेच होते असे आम्हाला वाटत नाही.

मोजदाद केली ती ढाक्यात, १९६८ साली. डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकी डॉक्टरांनी स्थानिक सहकाऱ्यांबरोबर २९ रोग्यांवर हा उपचार केला. रोग्याच्या खाटेला मध्यभागी भोक, खाली खुणा केलेली बादली. बादलीत जितके पडेल तितकेच तोंडाने द्यायचे. त्याआधी मनिलात झालेल्या एका प्रयत्नात द्रावण फार तीव्र असल्याने काही रोगी दगावले होते, त्यामुळे सगळे धास्तावलेले होते. ढाक्याच्या रोग्यांना लागणारे सलाईन सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झाले. जवळपास त्याच सुमारास कलकत्त्यातही असेच निष्कर्ष निघाले. तरीही डॉक्टर म्हणत, रुग्णालयात तज्ज्ञांच्या नजरेखाली हे ठीक. खेड्यात, अडाणी माणसांच्या हाती हे देणे धोक्याचे.

बनगाव, १९७१

बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली. कलकत्त्याहून बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस तेथे गेले, तेव्हा रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रोगी जमिनीवर, घाणीत पडलेले होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. महालनबीसांनी मोठा निर्णय घेतला. कलकत्त्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे लिटरभर पाण्याचे प्रमाण ठरवून पुड्या भरण्यात आल्या. छावणीत पिंपांना तोट्या लावून द्रावण ठेवले आणि पाजण्याचे काम सोपवले ते रोग्यांच्या आया, बहिणी, भाऊ यांच्यावर. अगदी लिबलिबीत झालेल्यांसाठी सलाईन राखून ठेवले.

पूर्वी छावण्यांत शंभरातले सुमारे तीस रोगी दगावत. महालनबीसांच्या देखरेखीखालच्या रोग्यांत हे प्रमाण ३.६ वर आले. ज्या ‘अडाणी माणसांच्या हाती’ देऊ नये म्हणत, त्यांनीच हे केले होते. अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. महालनबीस २०२२ साली वारले; त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले ते २०२३ मध्ये.

आमच्या मते या इतिहासातला खरा अडसर ज्ञानाचा नव्हता, निदान शेवटच्या टप्प्यात तरी नव्हता. उपचार करण्याचा अधिकार कोणाचा, हा तो अडसर होता.

पाठ झालेली चिमूट

पुढची गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर जाऊन सव्वा कोटीच्या आसपास आयांना हे पाणी करायला शिकवले. पुडी नव्हतीच, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा पगार ठरे तो किती घरे झाली यावर नाही, तर महिन्याभराने दुसऱ्याच माणसाने जाऊन विचारल्यावर त्या आईला किती आठवते आणि ती पाणी नीट करते का, यावर. (आपल्याकडे प्रशिक्षणांचे अहवाल कशावर लिहिले जातात, ते आपण जाणतोच.)

आयांना सगळे आठवत होते. तरीही आधी वापर फार कमी निघाला. शोध घेता कळले की, शिकवणाऱ्या बायकांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. आपल्या घरी जुलाब झाले तर त्या दुसरीच औषधे घेत! मग त्यांना हे पाणी काम कसे करते ते समजावून दिले, शिकवताना आईसमोर स्वतः घोट घ्यायला सांगितले, गावातल्या पुरुषांनाही बोलावले. त्यानंतर वापर वाढला. बांगलादेशात या पाण्याला आजही ‘खाबार सॅलाइन’, म्हणजे खाण्यापिण्याचे सलाईन म्हणतात. आपण ‘जलसंजीवनी’ हे सुंदर नाव दिले खरे, पण सलाईनचा दबदबा त्या बंगाली नावाने जास्त हुशारीने वापरला.

पुडीतले प्रमाणही बदलत गेले. खाण्याच्या सोड्याऐवजी सायट्रेट आले, पोटॅशियमचा क्षार आला. २००२ मध्ये मीठ आणि ग्लुकोज कमी केलेले द्रावण स्वीकारले गेले, लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. याने ओकाऱ्या आणि जुलाबांचे प्रमाणही थोडे घटते. २००४ पासून जोडीला चौदा दिवस झिंकच्या गोळ्या देण्याची शिफारस आहे. आणि आजीची पेज? १९८० च्या दशकात ढाका आणि कलकत्ता येथे तांदळाच्या पिठाचे द्रावण तपासले गेले. पिठूळ पदार्थातून ग्लुकोज हळूहळू सुटतो, दुसरे दार उघडते, आणि पटकीच्या रोग्यांत जुलाबांचे पाणीही कमी होते असे आढळले. म्हणून जुलाब चालू असताना मुलाला मीठ घातलेली पेज, वरणाचे पाणी, ताक देत राहावे. अंगावर पिणाऱ्याचे दूध मुळीच तोडू नये.

एक इशारा इथेच देतो. दुकानांत रंगीत खोक्यांतून मिळणारी गोड पेये बरीच वर्षे ‘ओआरएस’ हे नाव मिरवत होती. त्यांत साखर फार आणि मीठ कमी. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली. तरी खोके वाचून घ्यावे.

विहिरीतले मडके

पुडीने मूल वाचते; गावातल्या विहिरीतला जिवाणू तसाच राहतो. त्याची गोष्ट गोंदियाहून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असलेल्या नागपुरात घडली. तेथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. आज आपण तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकली की पहिल्या दिवशी पाण्याला उग्र वास येतो आणि दोन दिवसांनी क्लोरीन उरत नाही, ही अडचण. नीरीने एकात एक बसणारी दोन मडकी घेतली. आतल्या मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाडी वाळू ओलसर करून भरायची. आतल्याला वरच्या बाजूस एक सेंटिमीटरचे भोक, बाहेरच्याला तळाजवळ तेवढेच भोक. तोंड प्लास्टिकने बांधून ही जोडी दोराने पाण्याखाली मीटरभर सोडून द्यायची. क्लोरीन झिरपत झिरपत बाहेर येतो. साडेचार हजार लिटर पाण्याच्या लहान घरगुती विहिरीला हे दोन-तीन आठवडे पुरते. कुंभाराचे मडके आणि रेती. वैनगंगेच्या काठी दोन्हींची वाण नाही.

आरोग्यसेवक पाण्याची ओ. टी. चाचणी करतात, तेव्हा मुलांना बघायला उभे करावे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. विहीर, हातपंप, नळ आणि शाळेची टाकी अशा चार बाटल्या ओळीने ठेवल्या की पिवळेपणातला फरक कोणालाही दिसतो. रसायनाला मात्र मुलांनी हात लावू नये.

चमचा

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येकाला घरचा एकेक चमचा आणायला सांगितले. पुडी नसेल तेव्हाचे प्रमाण आपण फळ्यावर लिहून ठेवतो : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पण चमचा कोणता? हे प्रमाण पाच मिलिलिटरच्या चमच्याचे आहे. टेबलावर पोह्यांचे, चहाचे, औषधाच्या बाटलीबरोबरचे, मुलांच्या डब्यातले असे चमचे जमले. प्रत्येकाने ‘अर्धा चमचा’ मीठ काढून प्रयोगशाळेच्या तराजूत तोलले. कोणाचे अडीच ग्रॅमच्या जवळ आले, पोह्याच्या शिगोशीग चमच्याचे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त भरले. मीठ दुप्पट झाले तर रक्तातले सोडियम वाढून लहान मुलाला झटके येऊ शकतात. म्हणून पाजण्याआधी चव घ्यायची. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते पाणी ओतून द्यायचे. केलेले पाणी चोवीस तासांनंतर वापरायचे नाही. पुडी असेल तर ती लिटरची आहे की पेल्याची, ते वाचून पूर्ण पुडी तेवढ्याच पाण्यात विरघळवायची.

किती द्यायचे? दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, दहा वर्षांपर्यंत अर्धा ते एक कप, त्यापुढच्याला मागेल तेवढे. ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने. आणि मूल सुस्त पडले, पिईना, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू मागे जाऊ लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. तिथे सलाईन हवेच. रक्ताच्या आवेला प्रतिजैविकही लागते. एरवी बहुतेक जुलाबांना ते लागत नाही.

पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मॅडमनी सगळे पाहून झाल्यावर विचारले, “मग पालकांना काय सांगायचं? जुलाब थांबतील असं सांगायचं नाही, हे समजलं.” यावर बरीच चर्चा झाली. शेवटी त्यांनीच वाक्य तयार केले, “यानं जुलाब थांबणार नाहीत, पण पोरगं वाळणार नाही.” औषधाच्या बाटलीबरोबर आलेला पाच मिलिलिटरचा एक चमचा निवडून त्यांनी पर्समध्ये टाकला. तो शाळेतल्या पाण्याच्या माठाशेजारी, खिळ्याला दोरीने बांधून ठेवणार होत्या.